शिसवी वेदी

"आत नका आणू, मिस्त्री. व्हरांड्यातच राहू दे," पाळकबाई म्हणाल्या, आणि थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शनिवारची सकाळ, दहाचा सुमार. हातगाडीवर जुन्या चादरींत गुंडाळलेली वेदी, गाडी ओढून दंडांना आलेले गोळे, आणि बाई चर्चच्या दारात आडव्या उभ्या! नवी वेदी हवी, नवी वेदी हवी, म्हणून सगळी मंडळी वर्षभर रडत होती. जुनीचा एक पाय आखूड. त्याखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली, तरी प्रभुभोजनाचा प्याला ठेवला की कलायचाच. शेवटी थोरला स्वतःहून पुढे झाला होता. मी देतो करून, म्हणाला, फुकट देतो, माझ्या वडिलांच्या स्मरणार्थ. उद्या रविवारच्या उपासनेत तसं जाहीर व्हायचं होतं. चार महिने रोज दुकानातली गिऱ्हाइकांची कामं संपवून तो या वेदीला बसला होता. एक खिळा मारला नव्हता. सगळे सांधे खाचेत खाच बसवून केलेले, वरून लाकडाच्या खुंट्या. असं काम हल्ली करतो कोण? करणारा दाखवा, थोरला त्याच्या घरी पाणी भरायला तयार होता.

लोक त्याला पाठीमागे रंधा म्हणायचे. समोरच्याची साल काढल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नसे, म्हणून. त्याला ते माहीत होतं आणि आतून थोडं आवडतही होतं.

"का?" त्यानं विचारलं. आवारात झाडणारी बाई झाडू टेकवून बघायला लागली.

"तुमच्याविरुद्ध कुणाच्या तरी मनात काहीतरी आहे," पाळकबाई म्हणाल्या. "अर्पण तसंच ठेवायचं, आधी जाऊन ते मिटवायचं, मग येऊन द्यायचं. माझा नियम नाही हा. ज्या प्रभूसाठी ही वेदी करताय त्याचं बायबलातलं वाक्य आहे."

"धाकट्यानं कान भरले ना तुमचे?"

"मी कुणाचंच नाव घेतलं नाही, मिस्त्री. तुम्ही घेतलंत."

झालं! चोर पकडल्यासारखं तोंड करून बाई उभ्या. येऊन वर्ष नाही झालं या बाईला, अजून कुणाचा नातू कोण ते ठाऊक नाही, आणि निघाली थोरल्याला शिकवायला. या आवारातला बाक अन् बाक त्याच्या बापानं केलेला. दोघे भाऊ त्या बाकांखाली भुश्यात खेळून मोठे झालेले.

"माझ्या मनात त्याच्याबद्दल काही नाही," थोरला म्हणाला. "मी केव्हाच सोडून दिलंय. बाप गेला आणि चौथ्या दिवशी हा शहाणा दुकान सोडून चालता झाला. शाळेच्या मोडक्या खुर्च्या दुरुस्त करत बसलाय. तरी मी क्षमा केली. बास?"

"सगळे हे वाक्य असंच उलटं वाचतात," बाई म्हणाल्या. "तुमच्या मनात त्याच्याविरुद्ध काही असेल तर, असं ते नाहीच. त्याच्या मनात तुमच्याविरुद्ध काही असेल तर, असं आहे. तुमच्या क्षमेचं कुणी विचारलेलंच नाही."

इतकी वर्षं तो ते वाक्य ऐकत आला होता, आणि खरंच, त्याच्या डोक्यात ते उलटंच बसलेलं होतं. त्यामुळे तो आणखी भडकला.

"म्हणजे माझ्या दानाची किल्ली त्याच्या खिशात? उद्या कुणीही उठावं, रुसून बसावं, आणि देवाची वेदी व्हरांड्यात धूळ खात पडावी? हा कुठला न्याय?"

"कुणीही रुसला तर नाही अडवणार मी. पण परवा मी तुमच्या भावाला बोलवायला गेले होते. म्हणाले, त्या वेदीवरची भाकर मी तोंडात घालणार नाही. का, म्हटलं. तर म्हणाले, दादाला विचारा." बाईंनी चादरीचं टोक उचलून फळीवरून हात फिरवला. "म्हणून विचारते. का?"

"हत्यारांसाठी. दुसरं काय! बापानं पटाश्यांची पेटी मला दिली, ती त्याला खुपते."

"लाकूड सुंदर आहे. कुठून आणलंत?"

"शिसवी आहे. बापानं ठेवलेलं. वीस वर्षं माळ्यावर होतं."

"कशासाठी ठेवलं होतं?"

"चांगल्या कामासाठी," थोरला म्हणाला आणि उगाचच चादर सारखी करायला लागला.

मग त्यानं त्या दोन भावांची गोष्ट काढली, जगातल्या पहिल्या आईबापाच्या दोन पोरांची. ती काढल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं. एकानं शेतातलं आणलं, दुसऱ्यानं कळपातलं, आणि देवानं एकाचं घेतलं, एकाचं नाही. लहानपणी रविवारच्या शाळेत बाई सांगायच्या, धाकट्यानं कळपातलं पहिलं आणि धष्टपुष्ट आणलं, थोरल्यानं हाताला लागलं ते उचललं, म्हणून नाकारलं.

"म्हणजे प्रश्न मालाचा होता ना?" तो म्हणाला. "मग माझा माल बघा! हे सांधे बघा! यात कुठे खोट काढून दाखवा, आत्ता गाडी उलटी फिरवतो!"

"मालात खोट नाही. पण तिथे आधी माणसाचं नाव येतं, मग त्याच्या दानाचं. धाकटा आणि त्याचं दान पसंत पडलं. थोरला आणि त्याचं दान नाही. देवानं आधी माणूस बघितला, मग त्याच्या हातात काय आहे ते."

"आणि थोरल्यात काय वाईट दिसलं त्याला? बिचाऱ्यानं तोवर काहीच केलं नव्हतं!"

"केलं नव्हतं. पण नाही म्हटल्यावर त्यानं काय केलं ते आठवतं ना? का, म्हणून विचारलं नाही. भावाला शेतात गाठून ठार केलं." बाई बाजूला झाल्या आणि व्हरांड्यातली कुंडी सरकवून जागा करून दिली. "तुम्ही विचारून या, मिस्त्री. उद्या सकाळपर्यंत वेळ आहे."

वेदी व्हरांड्यात उतरवून थोरला दुकानात आला तेव्हा त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. दुकान पुढे, घर मागे. बायको मागच्या दारात कपडे पिळत होती. त्यानं सगळं तिच्या अंगावर ओतलं. बाईंनी काय म्हटलं, आपण काय म्हटलं, आपण अजून काय म्हणायला हवं होतं. ती कपडे पिळतच राहिली.

"अगं, मी तुझ्याशी बोलतोय!"

"ऐकतेय. जा की मग. माफी मागा आणि या. एक वाक्य तर आहे."

"कशाची माफी?"

बायकोनं पिळलेला सदरा झटकला. "ते मला विचारता?"

"मग कुणाला विचारू?"

"त्या दिवशी पॉलिशचा डबा धरून मी उभी होते," ती म्हणाली. "मला बोलायला लावू नका. मीही तेव्हा मूग गिळून गप्प बसले, त्याचं मला रोज वाटतं. जा तुम्ही."

ही पण! सगळ्यांनी मिळून ठरवलंच होतं तर! थोरला चपला अडकवून तसाच निघाला. रस्ताभर तो वाक्य घोळवत होता, आणि घोळवता घोळवता त्याला तेच वाक्य शिवीसारखं वाटायला लागलं होतं.

धाकट्याचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत. अंगणात खुर्च्यांचा ढीग, आणि धाकटा एका खुर्चीच्या पायाला सरस लावून त्याला दोरी आवळत बसलेला. "या, भावोजी," म्हणून त्याची बायको बाहेर आली, थोरल्याचं तोंड बघितलं आणि पाणी आणते म्हणून आत गेली ती गेलीच.

"हे बघ," थोरल्यानं उभ्या उभ्याच सुरुवात केली, "तुझ्या मनात जे काही असेल, त्याची मी माफी मागतो. झालं? आता उद्या गुमान चर्चला ये."

धाकट्यानं दोरीला गाठ मारली. "कशाची माफी?"

"जे असेल त्याची!"

"तसं नाही. नाव घेऊन माग."

"पटाश्या हव्यात ना तुला? घेऊन जा! सगळी पेटी घेऊन जा, माझ्या डोक्यावर आपट!"

धाकटा हसला. ते हसू बघून थोरल्याचे हात शिवशिवले.

"पटाश्या," धाकटा म्हणाला. "दोन वर्षं तू असं समजतोयस की मी पटाश्यांसाठी घर सोडलं. दादा, बाबांना पुरलं ती पेटी तू कशाची केलीस?"

थोरल्यानं ढिगातली एक खुर्ची उगाचच सरळ केली.

"शिसवी लाकूड बाबांनी माळ्यावर कशाला ठेवलं होतं? दरवर्षी खाली काढून, पुसून, तेल देऊन परत वर ठेवायचे. आपण दोघं शिडी धरायचो. काय म्हणायचे ते? माझी पेटी याची करा, जड झाली पाहिजे, उचलणाऱ्यांचे खांदे मोडले पाहिजेत, म्हणजे म्हातारा लोकांच्या लक्षात राहील. म्हणायचे की नाही?"

"गमतीनं म्हणायचे."

"वीस वर्षं तेल देतं का कुणी गमतीनं?" धाकटा आता उठून उभा राहिला होता. "मी तुला विचारलं, पेटी झाली का. झाली म्हणालास. काळं पॉलिश मारलेली, वर फुलं. आणि मी उचलायला खांदा दिला, आणि दिल्या दिल्या मला कळलं. शिसवीचं वजन मला कळत नाही असं वाटलं तुला? त्याच बापाचा मुलगा आहे मी! सामानाची खोकी येतात, त्या खोक्यांच्या फळ्या होत्या त्या. वास येत होता पॉलिशखालून. आणि खालची फळी नुसती खिळ्यांवर ठोकलेली. चर्चच्या दारात ती एका बाजूनं सुटायला लागली. तुला माहितेय? तू पुढे होतास, तेव्हाच्या पाळकांच्या शेजारी, मान खाली घालून. चर्चपासून खड्ड्यापर्यंत मी एक हात खालून लावून चाललो. बाप रस्त्यात पडू नये म्हणून!"

थोरल्याला हे माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. पण ऐकून तो खाली बसला असता तर तो थोरला कसला? राग आधीच भरून तयार होता, तो बाहेर आला.

"मग काय करायचं होतं मी? मातीत घालायचं होतं इतकं लाकूड? वाळवीला? मी ते लाकूड विकलं? घरात पलंग केला त्याचा? देवाला दिलं! देवाला! बापाच्याच नावानं दिलं! माणसं वर्षानुवर्षं त्या वेदीसमोर गुडघे टेकतील, मोठी आठवण कुठली? सांग की!"

"बाबांनी जन्मात एकच गोष्ट मागितली होती तुझ्याकडे," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. "ती तू त्यांच्या अंगाखालून काढलीस आणि देवाला नेऊन दिलीस. आणि वर देवानं तुझे आभार मानावेत?"

"मग आता काय करू? खणून काढू त्यांना?"

"मला नको विचारूस. तू माफी मागितलीस, मी ऐकली. जा आता."

"म्हणजे देत नाहीस?"

"नाही," धाकटा म्हणाला आणि परत खुर्चीपाशी बसला.

थोरला चर्चकडे चालत सुटला. कुणाकुणावर चिडायचं ते त्याला सुचेना. धाकट्यावर चिडला, बाईंवर चिडला, बायकोवर चिडला, मेलेल्या बापावरसुद्धा चिडला. काय गरज होती म्हाताऱ्याला असलं सुंदर लाकूड माळ्यावर ठेवून दरवर्षी डोळ्यांपुढे नाचवायची? पण चालता चालता ती खालची फळी मध्येच यायची. अर्ध्या तासाचं काम. खाली दोन आडव्या पट्ट्या मारायच्या होत्या, त्याच्या लक्षातही होतं, पट्ट्या कापूनही ठेवल्या होत्या. पण माणसं जमली होती आणि पॉलिश ओलं होतं, आणि पेटी काय, दोन तासांत जमिनीखाली जायची होती. म्हणून राहिल्या.

चर्चमध्ये उद्याच्या गाण्यांची तालीम संपली होती. व्हरांड्यात मंडळीचे सेक्रेटरी चादर बाजूला करून वेदीभोवती फिरत होते. थोरल्याला बघताच ते लगबगीनं पुढे आले.

"मिस्त्री, अहो काय काम आहे हे! मी बोललोय बाईंशी. त्या नव्या आहेत, होतं कधी कधी. भावाभावांत काय चालायचंच. त्यासाठी मंडळीनं का आखूड पायाच्या टेबलावर दिवस काढायचे?"

पाळकबाई मागेच उभ्या होत्या. "गेला होतात?" त्यांनी विचारलं.

"गेलो होतो. माफी मागितली."

"त्यांनी दिली?"

"नाही."

बाईंनी दाराच्या चौकटीला पाठ टेकवली. दमलेल्या दिसत होत्या. सेक्रेटरींनी दिवसभर त्यांच्या डोक्यावर मिरे वाटले असणार. "तुम्ही तुमच्या बाजूनं गेलात," त्या शेवटी म्हणाल्या. "त्यांना जमेल तेव्हा ते देतील. त्यासाठी मी तुम्हाला किती दिवस अडवू? आत घ्या."

जिंकला थोरला! सकाळपासून ज्यासाठी तो रक्त आटवत होता ते झालं. सेक्रेटरींनी गाणाऱ्यांतल्या तिघांना हाक मारली. चौघांनी चार पाय धरले, एक दोन तीन म्हणून उचललं, आणि त्यातला एक कण्हला.

"आई गं! काय जड आहे हो ही! खांदे मोडतील आमचे."

"खाली ठेवा," थोरला म्हणाला.

"नाही नाही, नेतो आम्ही, चारच पावलं—"

"खाली ठेवा म्हणतोय ना! हात काढा! कुणी हात लावायचा नाही तिला!"

चौघांनी दचकून वेदी उंबऱ्यावरच टेकवली. गाणाऱ्या बायका आतून दारापाशी आल्या. थोरला सगळ्यांवर ओरडत होता, पण खरं म्हणजे त्यांच्यातल्या कुणावरच नाही.

"माझं नाही हे लाकूड! माझ्या बापाच्या शवपेटीचं आहे. त्यानं स्वतःसाठी ठेवलं होतं, मागून ठेवलं होतं. मी त्याला खोक्यांच्या फळ्यांत पुरला आणि हे मागे ठेवलं. तुम्ही सगळे होतात तिथे. तुम्ही म्हणालात, काय सुंदर पेटी केलीय पोरानं. पॉलिश होतं ते, नुसतं पॉलिश!"

सेक्रेटरींनी घसा साफ केला. "पण मिस्त्री, झालं ते झालं. आता वाया कशाला घालवायचं? शेवटी देवाच्याच कामी—"

"देवाचं घर म्हणजे काय चोरबाजार वाटला तुम्हाला? जे माझं नाही ते मी कसलं देतोय? आणि तुम्ही कसलं घेताय?"

तो वेदीला हात घालून एकटाच ती ओढायला लागला. पाय फरशीवर घासले, नव्या पॉलिशला चरा पडला, त्यानं बघितलंसुद्धा नाही. पाळकबाई पुढे आल्या आणि त्यांनी एक शब्द न बोलता दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून ती कशीबशी हातगाडीवर चढवली. चादर घालायची राहिली ती राहिलीच.

धाकट्याच्या गल्लीत गाडी शिरली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. धाकटा दुरुस्त झालेल्या खुर्च्या भिंतीशी मांडत होता. गाडी बघून तो हातातली खुर्ची घेऊन तसाच उभा राहिला.

"घेत होते," थोरला धापा टाकत म्हणाला. "बाई हो म्हणाल्या होत्या. मीच नाही दिली."

"मग इथे कशाला आणलीस?"

"कुठे नेऊ? दुकानात मला ती डोळ्यांसमोर नको. ही तिकडे न्यायच्या आधी तुझ्याकडे यायला हवं होतं, ते मी आता करतोय. फोडून टाक, नाहीतर ठेव. काय वाटेल ते कर. आणि माफी मी नाव घेऊन मागतो. बाबांचं लाकूड मी चोरलं. तू खालून हात लावून चाललास आणि मी पुढे होतो."

धाकट्यानं खुर्ची खाली ठेवली. तो गाडीपाशी आला. किती म्हटलं तरी सुतार होता. त्याची बोटं आपोआप कडेवर गेली, कडेवरून सांध्यावर गेली, तिथे थांबली, पुढच्या सांध्यावर गेली. मग तो वाकला आणि खालून, आतल्या बाजूनं, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे बघत राहिला. तिथेही सगळं साफ होतं. तिथेही थोरल्यानं रंधा मारला होता.

"सांधे चांगले केलेस," तो म्हणाला.

थोरल्यानं नुसती मान हलवली.

"पेटीला का नाही केलेस असे?"

थोरल्यापाशी उत्तरं पुष्कळ होती. वेळ नव्हता. माणसं जमली होती. लाकूड वाया जाऊ द्यायचं नव्हतं, देवाला द्यायचं होतं. यातलं एकेक त्यानं दोन वर्षं घासून गुळगुळीत करून ठेवलं होतं. आता त्यातलं एकही हाताला लागेना.

"पेटी कोण बघणार होतं," तो म्हणाला.

म्हणाला, आणि आपण काय म्हणालो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. वेदीच्या आत त्यानं रंधा मारला होता, कारण तिथे देव बघतो असं तो चार महिने स्वतःला सांगत होता. पेटीच्या वेळी त्याला देव आठवला नव्हता, आणि भाऊही नाही.

"मी बघत होतो," धाकटा म्हणाला. "मी तिथेच होतो, दादा. मी बघत होतो ना."